खुर्चीवरून केलेला हेइआन शोदान: काता किती बदलला तरी काता राहतो?

तापीकाठ
मंडळी, थेट मुद्द्यावर येतो. मी चोपडा तालुक्यात शोतोकान (कराटेची एक शैली) शिकवतो. संध्याकाळची बॅच, शाळेचा हॉल, गावातलीच पोरं. यंदा दोन विद्यार्थी असे आलेत की त्यांना कसं शिकवायचं हे मला कुणी शिकवलेलं नाही. एक सतरा वर्षांचा, झाडावरून पडल्यापासून कमरेखाली ताकद नाही, व्हीलचेअरवर असतो. दुसरी नववीतली, जन्मापासून दिसत नाही. दोघांनाही वेगळी बॅच नको आहे, सगळ्यांबरोबरच शिकायचंय.

शिकवणं रेटतोय. गाडी अडलीय ती यलो बेल्टच्या परीक्षेवर. त्यात हेइआन शोदान हा काता, म्हणजे ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचालींचा संच, करून दाखवावा लागतो. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास परीक्षा आहे. बाहेरून येणारे परीक्षक फोनवर म्हणाले, "झेनकुत्सु-दाची (पुढच्या पायावर भार देऊन उभं राहणं) नाही, माए-गेरी (समोरची लाथ) नाही, मग मार्क कशाचे देऊ? कौतुक म्हणून सर्टिफिकेट देऊन टाकू." फोन स्पीकरवर होता आणि मुलगा शेजारीच होता. तो म्हणाला, "सर, कौतुकाचं नको. त्यापेक्षा नापास करा."

तर प्रश्न असा की काता बदलायचा तर किती बदलायचा, आणि ते ठरवायचं कुणी? जागतिक पातळीवर काय करतात? कुणी असं शिकवलंय का, किंवा स्वतः शिकलंय का? सल्ल्याइतकीच शिवीगाळही चालेल, पण मुद्द्याची हवी.

शेवभाजी_प्रेमी
पोराला आपला सलाम सांगा सर. बाकी मला कराटेतलं ओ की ठो कळत नाही, धागा वाचत बसणार.

जुना_ब्राऊन
मुद्द्याची शिवीगाळ मागितलीत म्हणून लिहितो. परीक्षकांचं बोलणं कडू आहे, पण चूक नाही. शोतोकानचा पायाच खोल आणि लांब स्टान्स. ताकद जमिनीतून पायात, पायातून कमरेत, कमरेतून मुठीत येते. पायच काढून घेतले तर उरतं ते हात हलवणं. मुलगा शिकू दे, रोज येऊ दे, पण बेल्ट हे मोजमाप आहे. मोजमाप वाकवलं की बाकीच्या पोरांच्या बेल्टलाही किंमत राहत नाही. आधीच आपल्याकडे गल्लोगल्ली संघटना आणि तीन वर्षांत ब्लॅक बेल्ट वाटप चालू आहे. त्यात ही भर नको.

अमळनेरकर
@जुना_ब्राऊन, वाटपाबद्दल शंभर टक्के सहमत, निष्कर्षाबद्दल शून्य टक्के.

ज्या हेइआन शोदानवर तुम्ही हे मोजमाप बसवताय, तो काताच मुळात बदल करून आलेला आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ओकिनावाच्या शाळांत कराटे शिकवायला घेतलं तेव्हा कराटेगुरू इतोसू आंको यांनी शाळकरी पोरांना झेपेल असे पाच पिनान काता बांधले. जुने काता लांबलचक आणि अवघड होते. पुढे शोतोकानचे संस्थापक फुनाकोशी गिचिन यांनी जपानात त्यांनाच हेइआन नाव दिलं आणि पहिल्या-दुसऱ्याचा क्रमही उलटा केला. आपण ज्याला शोदान म्हणतो तो ओकिनावात निदान, म्हणजे दुसरा. समोर कोण शिकणार आहे ते बघून काता बेतणं ही जुनीच रीत आहे.

गोजू-र्‍यूतही तेच. या दुसऱ्या शैलीचे संस्थापक मियागी चोजुन यांनी सान्चिन या काताचं जे रूप रुजवलं त्यात मागे वळणंच नाही. पुढे जा, आणि तोंड न फिरवता मागे या. अंध मुलीसाठी किंवा खुर्चीवरच्या मुलासाठी याहून सोयीचा काता शोधून सापडणार नाही.

जुना_ब्राऊन
इतोसूंनी बदललं, कारण ते इतोसू होते. मियागींनी बदललं, कारण ते मियागी होते. गावच्या हॉलमध्ये कुणीही उठून काता कापायला लागलं तर दहा वर्षांत दहा शोदान होतील. आणि शोतोकानच्या यलो बेल्टला सान्चिन घेणार का तुम्ही?

तापीकाठ
सान्चिन घेणार नाही, सिलॅबस बदलायचा नाहीच. पण तुमचा "कुणीही उठून" हा मुद्दा मला पटतो. म्हणूनच विचारतोय.

बोदवड_ते_बॉम्बे
जागतिक पातळीचं विचारलंत त्याबद्दल. वर्ल्ड कराटे फेडरेशनची पहिली पॅरा-कराटे जागतिक स्पर्धा २०१४ मध्ये जर्मनीत ब्रेमेनला झाली. तेव्हापासून मुख्य जागतिक स्पर्धेसोबतच होते: लिंझ, माद्रिद, दुबई, बुडापेस्ट, आणि २०२५ मध्ये कैरो. फक्त काता असतो, कुमिते (प्रत्यक्ष लढत) नाही. गट असे: के-१० दृष्टिबाधित, के-२१ आणि के-२२ बौद्धिक अक्षमता, के-३० व्हीलचेअर. के-१० मध्ये सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्टी बांधतात, म्हणजे थोडंफार दिसणाऱ्याला फायदा नको. अपंगत्वाच्या तीव्रतेनुसार थोडे जादा गुण जोडायची सोयही आहे.

म्हणजे जगात व्हीलचेअरवरचा काता बघून मार्क देणारे पंच आहेत. तुमच्या परीक्षकांना यूट्यूबवर के-३० ची कुठलीही फायनल दाखवा. त्यातले ठोसे बघून आपली खुर्ची जागेवर हलते.

पॅरालिम्पिकमध्ये मात्र कराटे नाही. साधं कराटेच ऑलिम्पिकला एकदा, टोकियोत, आलं आणि पॅरिसला गळालं. ज्युदोचं तसं नाही. अंध खेळाडूंचा ज्युदो १९८८ च्या सोलपासून पॅरालिम्पिकमध्ये आहे. पॅरिसला आपल्या कपिल परमारने कांस्य घेतलं, भारताचं पॅरालिम्पिक ज्युदोतलं पहिलं पदक. तो मध्य प्रदेशातल्या सिहोरचा, म्हणजे सातपुड्याच्या पलीकडचाच म्हणा.

शेवभाजी_प्रेमी
सिहोर सातपुड्याच्या पलीकडे, मग नर्मदेच्या पलीकडे, मग विंध्याच्याही पलीकडे आहे हो. पण पदक आलं म्हणून आपलाच म्हणू.

फिजिओ_धुळे
बेल्टचं तुम्ही लोक ठरवा. मला खुर्चीवरच्या मुलाची वेगळीच काळजी वाटतेय. परीक्षा आखाजीला, म्हणजे ऐन उन्हाळ्यात. जळगाव-चोपड्याचा पारा तेव्हा ४४-४५ ला टेकलेला असतो.

मज्जारज्जूला इजा झाली की इजेच्या खालच्या अंगाला नीट घाम येत नाही. घाम नाही तर अंग थंड होत नाही. बाकीची पोरं घामाने निथळत असतील आणि हा कोरडा दिसेल, म्हणून "याला काही त्रास नाही" असं वाटेल. उलट त्यालाच आधी ऊन बाधतं. इजा जितकी वर तितका हा त्रास जास्त. त्याची बॅच सकाळी सातच्या आत घ्या, ओला पंचा मानेवर ठेवा, पाण्याची फवारणीची बाटली जवळ ठेवा. स्टीलचे हॅन्डरिम (चाक फिरवायच्या कड्या) उन्हात राहिले तर तळहात भाजतात, खुर्ची सावलीत उभी करा.

दुसरं, कोणत्या मणक्याला इजा आहे ते त्याच्या कागदांवर बघा. छातीच्या सहाव्या मणक्याला किंवा त्याच्या वर असेल तर एक धोका माहीत असायलाच हवा. अचानक डोकं ठणकायला लागलं, चेहरा लाल झाला, मानेवर घाम फुटला तर थकवा समजू नका. रक्तदाब एकदम चढलेला असू शकतो. मुलाला ताठ बसवा, आडवं करू नका. बेल्ट, पट्टे, बूट सैल करा, लघवीची नळी किंवा पिशवी तुंबली आहे का बघा, आणि आराम पडत नसेल तर तडक दवाखाना. तुम्ही कमरेखाली म्हणताय म्हणजे इजा खालची असावी, पण अंदाजावर राहू नका.

तिसरं, खुर्चीत उशी आहे ना? दर पंधरा-वीस मिनिटांनी हातावर जोर देऊन बूड उचलायला लावा. त्याला खाली संवेदना नसेल तर जखम झालेली कळणारच नाही. तासभर पंच मारताना माणूस हे विसरतो.

तापीकाठ
@फिजिओ_धुळे, खूप आभार. कागद उद्याच बघतो. इजा कमरेच्या भागातली आहे एवढं त्याच्या वडिलांनी सांगितलं होतं. उशी नाही, घडी केलेली गोधडी आहे.

फिजिओ_धुळे
गोधडीला सुरकुती पडते आणि नेमकी तिथेच जखम होते. चांगली उशी आधी, कराटेचा ड्रेस नंतर.

ठिपक्यांची_वही
नमस्कार. मी स्वतः पूर्ण अंध आहे. पाचोऱ्याला असताना कराटे शिकले, ग्रीन बेल्टपर्यंत. मग लग्न, नोकरी, बदली. फोन वाचून दाखवतो, मी बोलून लिहिते, चुका झाल्यास सांभाळून घ्या.

नववीतल्या मुलीबद्दल लिहिते. "असं कर" हे वाक्य तिच्यासमोर बोलायचंच नाही. मला सर सांगायचे, "डावा पाय खांद्याच्या रेषेत पुढे, गुडघा अंगठ्याच्या वर, मागची टाच जमिनीला." तरी जे कळायचं नाही ते मी त्यांच्या दंडावर, मनगटावर हात ठेवून बघायचे. त्यांनी माझा हात धरून फिरवला तर मला काहीच कळत नसे. माझा हात त्यांच्या हातावर असला की सगळं कळायचं. यातला फरक लक्षात घ्या. आणि आधी विचारून, घरच्यांना सांगून. मुलगी मोठी आहे.

सुरुवातीची जागा कळण्यासाठी जमिनीवर सुतळी टाकून वरून चिकटपट्टी लावा. अनवाणी पायाला लगेच लागते. गोलबॉल नावाचा अंधांचा खेळ आहे, त्याच्या मैदानाच्या रेषा अशाच असतात, पट्टीखाली दोरी. एक आडवी एक उभी, फुली करा. काता संपला की पाय फुलीवर आला पाहिजे. दिसणारी पोरं पण बघा करून, निम्मी हुकतात.

हेइआन शोदानमध्ये दिशा हरवते ती दोनच ठिकाणी. तिसऱ्या आगे-उकेला (डोक्यावरचा ब्लॉक) किआई (जोराची आरोळी) दिली की लगेच जे मोठं वळण येतं ते, आणि शेवटच्या ओई-झुकीच्या (पाऊल पुढे टाकत मारलेल्या ठोशाच्या) किआईनंतरचं. दोन्ही २७० अंशांची. मी हमखास थोडी जास्त वळायचे आणि मग पुढचा सगळा काता तिरका. आमच्या हॉलमध्ये समोरच्या भिंतीला कूलर होता. तो घरघरायचा. तोंडावर आवाज आला की समोर, डाव्या कानात आला की मी उजवीकडे तोंड करून उभी. त्या कूलरवर माझा यलो बेल्ट झाला.

रावेरची_केळी
आणि लाइट गेली की?

ठिपक्यांची_वही
लाइट गेली की मी थेट पालकांच्या खुर्च्यांत! एकदा एका काकांच्या मांडीवर ओई-झुकी मारला होता. म्हणून नंतर सरांनी कूलर बंद ठेवून सराव घ्यायला सुरुवात केली. परीक्षेत किंवा स्पर्धेत तुमचा कूलर कोण आणून देणार? शिकताना आवाज द्या, मग हळूहळू काढून घ्या.

भुसावळ_जंक्शन
धागा वाचून राहवलं नाही. माझ्या मुलाला डाऊन सिंड्रोम आहे, वय चौदा. इथे भुसावळला एका क्लासला घातलं होतं. पहिल्याच आठवड्यात सगळ्यांबरोबर कोलांटी मारायला लावली. मी धावत जाऊन थांबवलं. या मुलांपैकी काहींच्या मानेतले वरचे दोन मणके सैल असतात, झटका बसला तर मज्जारज्जूला धोका. डॉक्टरांनी मानेची तपासणी करून घ्यायला आणि कोलांट्या टाळायला सांगितलं होतं. क्लासवाल्यांना मी पहिल्या दिवशी लेखी दिलं होतं, तो कागद फाइलमध्ये गेला आणि फाइल कपाटात. नंतर तो क्लास सोडला.

आता ज्या ताईंकडे जातो त्यांची पद्धत सांगते. त्या काता उलटा शिकवतात. म्हणजे शेवटच्या दोन हालचाली आधी, मग त्याच्या आधीच्या दोन. पोरगा जिथे कुठे सुरू करतो तिथून त्याच्या ओळखीच्या भागाकडेच जात असतो, आणि शेवट नेहमी त्याला येत असलेलाच असतो. सुरुवातीपासून शिकवलं की नवं नेहमी शेवटी येतं, तिथेच अडकतो आणि रडतो. असं केल्यापासून रडणं बंद. इच, नी, सान, शी (जपानी एक, दोन, तीन, चार) मात्र घरी दिवसभर चालतं. जिने चढताना, भाकरी मोजताना, सगळीकडे.

सातपुडा_नंदुरबार
उलटा काता! हे मी माझ्या न अडखळणाऱ्या पोरांवर पण करून बघणार. @भुसावळ_जंक्शन ताई, किआईचा त्रास होत नाही का त्याला? माझ्याकडे एक स्वमग्न मुलगा आहे, तीस पोरं एकदम ओरडली की कान दाबून कोपऱ्यात जातो.

भुसावळ_जंक्शन
आमच्याला ओरडायला आवडतं, थांबवावं लागतं! पण क्लासमध्ये तसा एक मुलगा आहे. त्याच्यासाठी ताई आधी हात वर करतात, मग किआई. आवाज येणार हे आधी कळलं की तो नुसता डोळे मिटतो. कानावर लावायचे ते मोठे हेडफोनही आणतो.

शिरपूरना_पोऱ्या
तापीकाठ भाऊ, मन्हा भाऊ बहिरा शे, त्याले कोनता गट? वर बोदवडवाला भाऊनी लिखं त्याम्हा बहिरास्नं नावच नही.

बोदवड_ते_बॉम्बे
बरोबर पकडलंत. बहिऱ्या खेळाडूंची वाटच वेगळी आहे, डेफलिंपिक्स. १९२४ मध्ये पॅरिसला सुरू झालेली, पॅरालिम्पिकपेक्षा जुनी. कराटे तिथे २००९ च्या तैपेईपासून आहे आणि कुमितेही होतं. चांगल्या कानानेही किमान ५५ डेसिबलचा तोटा असावा लागतो, आणि खेळताना श्रवणयंत्र काढून ठेवावं लागतं. २०२५ ची टोकियोला झाली. भावाचं वय किती?

शिरपूरना_पोऱ्या
बावीस. कुमिते म्हटलं की त्यानं डोकं फिरस. व्यनि (खाजगी निरोप) करस तुम्हले.

रावेरची_केळी
अवांतर: या धाग्यावर खान्देशातले सगळे तालुके हजेरी लावताहेत. यावल कुठंय?

शेवभाजी_प्रेमी
यावल भरिताचा सीझन संपला म्हणून झोपलंय. आखाजीला आमरस आणि खापरावरचे मांडे निघाले की उठेल.

अमळनेरकर
मांड्यांवरून परत खुर्चीवर येऊ. @ठिपक्यांची_वही ताईंनी ज्या २७० च्या वळणाचं लिहिलं त्यावर मी रात्री कागदावर आकृती काढून बसलो होतो. खुर्चीवर २७० अंश डावीकडे फिरायचं म्हणजे उजवं चाक पुढे, डावं मागे, तीन-चार ढकलण्या. तेवढ्यात समोरचा येऊन चहा पिऊन जाईल. पण २७० डावीकडे आणि ९० उजवीकडे, तोंड एकाच बाजूला येतं! एका झटक्यात होतं. माझ्या मते खुर्चीवर ९० च बरोबर.

जुना_ब्राऊन
दिशा तीच, पण अर्थ तो नाही. ते वळण मोठं आहे, कारण त्यात समोरच्याला धरून पाठीवरून फेकणं आहे, निदान आम्हाला बुंकाई (हालचालीचा लढतीतला अर्थ) तशी शिकवली. ९० घेतलं की फेक गेली.

अमळनेरकर
मग त्यालाच विचारू ना, खुर्चीवरून ९० उजवीकडे घेताना कुणाचं काय करता येतं. बसलेल्या माणसाचा हात समोरच्याच्या कमरेच्या आणि मनगटाच्या उंचीला असतो. मनगट धरलं आणि खुर्ची गर्रकन फिरवली तर माणसाचं आणि खुर्चीचं मिळून वजन त्या मनगटावर येतं. तुमच्या फेकीपेक्षा वाईट होईल.

तापीकाठ
हे आज करून पाहिलं. मनगट माझंच दिलं होतं. @जुना_ब्राऊन, वाईटच होतं, हळद लावून बसलोय.

आणखी काही गोष्टी सरावात लक्षात आल्या, त्या लिहून ठेवतो. ब्रेक न लावता जोरात पंच मारला की खुर्ची मागे सरकते. काता करताना दर वेळी ब्रेक लावत बसता येत नाही. मुलाने स्वतःच तोड काढली: उजव्या हाताने पंच, आणि हिकितेचा (पंच मारताना मागे ओढायचा) डावा हात कमरेला न ओढता चाकावर घट्ट. खुर्ची जागची हलत नाही आणि पंचला आधार मिळतो. पुढे जायचं असेल तर एक ढकल, हात लगेच वर, आणि खुर्ची घरंगळत असतानाच ब्लॉक. पायऱ्या मोजायच्या ऐवजी ढकलण्या मोजतो. पझल मॅटवर पुढची छोटी चाकं रुतत होती, म्हणून मॅट काढून फरशीवर घेतो. ड्रेसच्या वरच्या जाकिटाचं टोक चाकाच्या आऱ्यांत अडकतं, ते आईने आखूड करून दिलं. कमरेला एक रुंद पट्टा खुर्चीसकट बांधला, त्यानंतर त्याचं धड जे फिरायला लागलंय ते माझ्या ब्राऊन बेल्टवाल्यांचं फिरत नाही.

खुर्ची सरकारी शिबिरात मिळालेली घडीची आहे, जड. हलकी आली तर अजून फरक पडेल.

फिजिओ_धुळे
मागे कलंडू नये म्हणून मागच्या बाजूला दोन छोटी आधाराची चाकं लावून घ्या. वेल्डिंगवाला करून देतो. जोरात मागे धड टाकणारं एकही तंत्र त्याशिवाय नको.

सातपुडा_नंदुरबार
तुमचा हॉल तळमजल्यावर आहे का? आमचा ओट्यावर आहे, दोन फूट उंच. उतार करा म्हणून मागे लागलोय. प्रमाण १ ला १२ सांगतात, म्हणजे दोन फुटाला चोवीस फूट उतार. मोजला तर थेट समोरच्या पानटपरीत जातो.

शेवभाजी_प्रेमी
मग टपरीवाल्याला मानद सेन्सेई करा.

रावेरची_केळी
उतार मधे वळवता येतो, इंग्रजी यू सारखा, मधे सपाट जागा ठेवून. पैशांसाठी ग्रामपंचायतीला विचारा. स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. बऱ्याच ठिकाणी ते वर्षअखेरीला घाईघाईत कशावर तरी उडतात. ग्रामसभेत लेखी मागणी टाका आणि पोच घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात खेळासाठी वेगळं कलम आहे, ३० वं. अर्जात त्याचा उल्लेख करा, ग्रामसेवक जरा सरळ बसतो.

बोदवड_ते_बॉम्बे
आणि एक इशारा. "पॅरा स्पर्धेचं प्रमाणपत्र, नोकरीत खेळाडू कोट्याला चालेल" असं सांगून पाच-सात हजार मागणारे फिरत असतात. कुठल्या शासन निर्णयाप्रमाणे चालेल ते लेखी मागा. दिलं नाही तर पैसे देऊ नका. या मुलांच्या आईबापांची आशा फार लवकर विकली जाते.

जुना_ब्राऊन
दोन दिवस धागा वाचतोय. के-३० च्या फायनल पाहिल्या. मार्कांबद्दल माझं म्हणणं अजून तेच आहे, मोजमाप हवंच. पण ते पायाचंच हवं असं नाही, हे मान्य. मी परीक्षक असतो तर काय मागितलं असतं ते सांगतो. परीक्षेच्या आधी एक कागद. डाव्या बाजूला काताच्या एकवीस हालचाली, उजव्या बाजूला हा विद्यार्थी ती हालचाल कशी करणार, आणि का. स्टान्सच्या जागी काय बघायचं: धड ताठ आहे का, खुर्ची स्थिर आहे का, वळण संपल्यावर तोंड नेमक्या दिशेला आहे का. त्यावर तुमची, परीक्षकाची आणि विद्यार्थ्याची सही. मग त्या कागदाबाहेर अर्धा इंचही सूट नाही. हात लुळा पडला तर मार्क कापणार. पुढच्या बेल्टलाही तोच कागद, म्हणजे आज एक आणि उद्या दुसरंच असं होणार नाही.

अमळनेरकर
याला म्हणतात मुद्द्याची शिवीगाळ. +१

ठिपक्यांची_वही
+१. फक्त मुलीच्या कागदावर उजवी बाजू जवळजवळ रिकामी राहील. तिला हालचाल बदलायची गरज नाही, फक्त शिकवायची रीत बदलायची. तिला सूट देऊ नका प्लीज. मला एका परीक्षेत वळण चुकलं तरी पूर्ण मार्क दिले होते, ते मला घरी आल्यावर कळलं. फार राग आला होता.

तापीकाठ
कागद काल रात्री मुलाबरोबर बसून केला. चौदा हालचाली बदलल्या, सात जशाच्या तशा. किहोनच्या (सुट्या तंत्रांच्या) माए-गेरीच्या जागी काय, यावर आमचं भांडण झालं. मी म्हणालो, किक काढून टाकू. तो म्हणाला, चालणार नाही, त्याऐवजी पोटाच्या उंचीचा पंच, खुर्ची पुढे फेकत. पायटेकणीचा दांडा समोरच्याच्या नडगीवर जातो म्हणे. त्याचंच लिहिलं. परीक्षकांना कागदाचा फोटो पाठवला. त्यांचं उत्तर: "१० आणि १८ नंबरला वळण ९० का, ते प्रत्यक्ष दाखवायला सांगा." म्हणजे बघायला तयार आहेत. @जुना_ब्राऊन, तुम्ही आखाजीला मोकळे असाल तर दुसरे परीक्षक म्हणून याल का? भाडं आणि मांडे आमच्याकडे.

जुना_ब्राऊन
येतो. मनगट मात्र तुमचंच वापरा.

भुसावळ_जंक्शन
तो कागद इथे टाकता येईल का? नाव झाकून. आमच्या ताईंना दाखवायचाय.

तापीकाठ
मुलाला विचारून टाकतो. त्याचा कागद आहे.

दोंडाईचा_एक्सप्रेस
उशिरा आलो. माझ्या भाच्याला डावा हात कोपराच्या खाली नाही, वय अकरा. पंच उजव्याने येतो, पण हिकिते आणि डाव्या बाजूचे ब्लॉक कसे शिकवायचे? क्लासचे सर म्हणतात, "डावीकडचं सोडून दे."

जुना_ब्राऊन
सोडायचं अजिबात नाही. हिकिते म्हणजे कोपर मागे ओढणं, मूठ नंतर. त्याला कोपर आहे ना? मग बरगडीला घासून मागे ओढायला लावा, अंग आपोआप फिरेल. आगे-उके कोपरानेच घ्यायचा, फक्त समोरच्याने अर्धं पाऊल जवळून हल्ला करायचा. टोकाची कातडी नाजूक असेल तर सुरुवातीला लोकरीचा मोजा घाला आणि पॅडवर हळू. सरांना हा धागा पाठवा.

दोंडाईचा_एक्सप्रेस
पाठवला. निळी टिक आलीय, उत्तर नाही अजून.